उतारवयातली सायकल : आधी वजन, मग शॉकअप



धानाची कापणी उरकत येते, सकाळच्या हवेत गारवा शिरतो, आणि या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत सायकलीचा प्रश्न हमखास डोकावू लागतो. त्याचा साचा साधारण एकच असतो. वडिलांचे वय पासष्ट ते सत्तरच्या दरम्यान. जन्मभर चोवीस इंची काळी सायकल हाकली. आता गुडघे कुरकुरतात, दांडीवरून पाय टाकणे जड जाते. सायकल चालवायला हरकत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत मुरमाची वाट, मध्ये एक रपटा, पुढे दोन किलोमीटर जंगल. मुलगा पुण्याला किंवा नागपूरला नोकरीत. तो मोबाइलवर ‘रेंजर’ सायकलींची चित्रे पाठवतो. तेव्हा पुढे थोडेसे शॉकअप असलेली, वजनाला हलकी, जंगलवाटेला टिकेल अशी सायकल कोणती घ्यावी? आणि ती तालुक्याच्या दुकानात मिळतच नसेल, तर काय करावे?

प्रश्न खरेदीचा दिसतो. पण तो आरोग्याचाच आहे. म्हणून त्याला या अंकात सविस्तर जागा देतो.

प्रथम भूगोल लक्षात घ्यावा. गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा. त्याचा बहुतांश भाग वनाच्छादित आहे. चंद्रपूर शहरात सायकलींची दुकाने आहेत, गडचिरोली, ब्रह्मपुरी, वडसा येथेही आहेत. परंतु आलापल्लीच्या पुढे, एटापल्ली-भामरागडच्या बाजूला, ‘दुकान’ म्हणजे बहुधा एका झाडाखालचा दुरुस्तीचा पाट, दोन पाने, एक पंप आणि पाण्याची घमेली. निवडीला वाव असलेले मोठे दुकान गाठायचे तर नागपूर. ते चंद्रपूरहूनच सुमारे दीडशे किलोमीटर आहे. तेव्हा ‘बाजारात सर्वोत्तम काय आहे’ हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. जे मिळते आहे त्यातून काय पत्करावे आणि कशाला स्पष्ट नकार द्यावा, हे ठरवता आले पाहिजे.

शहरातल्या हौशी माणसाची सायकल आणि इथल्या ज्येष्ठाची सायकल यांत एक मूलभूत फरक आहे. इथे ती व्यायामाचे साधन असते, त्याआधी ती स्वावलंबनाचे साधन असते. रेशन, बँक, बांधीवरची फेरी, आणि महिन्याकाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्तदाबाच्या गोळ्या आणणे, ही सारी कामे तिच्यावर चालतात. ‘सर्च’ या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासातून पक्षाघात हे तिथल्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण असल्याचे पुढे आले आहे. रक्तदाबाची गोळी न चुकता घरी येणे ही ज्या माणसासाठी सायकलीवर अवलंबून असलेली गोष्ट आहे, त्याची सायकल चुकीची निघून कोपऱ्यात पडली, तर नुकसान केवळ पैशाचे होत नाही. आणि त्याच सायकलीवरून पडून खुबा मोडला, तर ते घर पुढची अनेक वर्षे वेगळेच जगते.

म्हणून सायकलीच्या आधी शरीर पाहावे. भिंतीजवळ उभे राहून, आधार न घेता, एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? मान वळवून मागे पाहता येते का? दोन्ही मुठी घट्ट आवळता येतात का? मोतीबिंदूमुळे खड्डा आणि सावली यांतला फरक कळेनासा झाला आहे का? मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील तर पायंडलावरचा पाय घसरलेला कळत नाही. उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाबाच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलणे हे दुकानात जाण्याआधीचे काम आहे. तोल साफ गेला असेल तर दुचाकीचा हट्ट धरू नये. तीन चाकी सायकली मिळतात. त्या तोल सांभाळतात, मात्र कडेला उतरत्या रस्त्यावर एका बाजूला कलतात, म्हणून सपाट गावातच बऱ्या.

गुडघेदुखीबद्दल मात्र धीर द्यावासा वाटतो. चालताना शरीराचा भार दर पावलाला गुडघ्यावर येतो. सायकलीवर तो बराचसा सीटवर जातो आणि सांधा मात्र हलता राहतो. संधिवाताच्या गुडघ्याला हे मानवते. हाडे मजबूत होण्यासाठी मात्र सायकल पुरेशी नाही, कारण तिच्यात हाडांवर भार पडत नाही. त्यासाठी चालणे आणि उठाबशांसारखे बेताचे व्यायाम हवेतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि त्याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम सुचवले आहेत. सायकल यातला पहिला भाग उत्तम भागवते, दुसरा नाही.

आता वजनाकडे वळू. हलकी सायकल का हवी, असे विचारले की ‘चालवायला सोपी जाते म्हणून’ हे उत्तर ठरलेले असते. ते अर्धेच खरे आहे. सपाट रस्त्यावर माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो पुढे जात असतील, तर त्यातले चार-पाच किलो कमी झाल्याने पायांना फारसा फरक जाणवत नाही. आणि वैनगंगेच्या खोऱ्यातले बहुतेक रस्ते सपाटच आहेत. वजनाची खरी परीक्षा सायकल थांबलेली असताना होते. थांबताना ती एका बाजूला कलते, खाली सैल मुरूम असतो, पाय सरकतो, आणि कललेली सायकल सावरण्याचा भार कंबरेवर आणि मनगटावर येतो. सायकलींच्या देशात, नेदरलँडमध्येसुद्धा, ज्येष्ठ मंडळी मोठ्या प्रमाणात वेगात नव्हे, तर चढता-उतरताना, जवळजवळ जागच्या जागी पडतात. वजन कमी हवे ते यासाठी. ओट्यावर चढवणे, घराच्या उंबऱ्यावरून आत घेणे, पंक्चर झाल्यावर दोन किलोमीटर ढकलत आणणे, हेही त्यातच आले.

काळी चोवीस इंची सायकल कॅरिअर आणि स्टँडसह वीस किलोच्या आसपास भरते. दुकानात झळकणारी, पुढेमागे दोन्हीकडे शॉकअप असलेली स्वस्त रेंजर अठरा ते वीस किलोंची असते; म्हणजे जिच्यापासून सुटका हवी होती तिच्याच वजनाची. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची साधी सायकल तेरा ते पंधरा किलोंत बसते. दहा-बारा किलोंच्याही असतात, पण त्यांची किंमत पाहता त्या आपल्या चर्चेत नकोत. दुकानदाराच्या सांगण्यावर वजन मानू नये. आपल्या भागात तर याची सोय फार सोपी आहे: प्रत्येक गावात धान तोलायचा काटा असतो, त्यावर सायकल ठेवावी. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे ज्यांना चालवायची आहे त्यांनीच एक हात हँडलला, दुसरा सीटला धरून ती एक पायरी वर उचलून ठेवावी. श्वास रोखावा लागला किंवा कंबरेत कळ आली, तर ती सायकल कितीही देखणी असली तरी त्यांची नव्हे.

शॉकअपबद्दल बराच गैरसमज आहे. डोंगरउतारावर उड्या मारणाऱ्यांच्या सायकलीत पुढचा चिमटा वीस सेंटिमीटरपर्यंत दबतो. जंगलवाटांवरच्या शर्यतीच्या हलक्या सायकलीत दहा ते बारा. आणि आपल्या बाजारातल्या परवडणाऱ्या सायकलीत पाच ते आठ. मुरमाच्या रस्त्याला, पांदणीला, रपट्याच्या कडेला हा छोटा पल्ला पुरून उरतो. पण स्वस्त शॉकअपच्या चिमट्याचे वजन दोन-अडीच किलो असते, तर साध्या चिमट्याचे किलोभर. शिवाय त्यातल्या नळ्यांवर पावसाळ्याचा चिखल बसला की दोन हंगामांत गंज धरतो, आणि मग तो शॉकअप दबतही नाही, फक्त वजन वाहतो. मागचे शॉकअप तर ज्येष्ठांनी विचारातही घेऊ नये. पायंडल मारताना सायकल खालीवर डुलते, काही मेहनत तिथेच जिरते; सांध्यांतल्या बुशिंगा झिजल्या की मागचे चाक लटपटू लागते, आणि त्या बुशिंगा आलापल्लीत कोण देणार?

म्हणून क्रम असा लावावा: मागे शॉकअप नको, पुढे छोट्या पल्ल्याचे चांगले शॉकअप मिळत असेल आणि वजन पंधरा किलोंच्या आत राहत असेल, तर घ्यावे, ते जमत नसेल, तर शॉकअप नसलेली हलकी सायकल निःशंक घ्यावी. धक्के शोषण्याचे मोठे काम टायरमधली हवा करते. पावणेदोन ते दोन इंच रुंदीचा टायर आणि त्यात बेताची हवा असली की साध्या चिमट्याची सायकलही मुरमावर मऊ चालते. आपल्याकडे पंपवाला टायर दगडासारखा होईपर्यंत हवा मारतो आणि त्यातच त्याला कर्तव्यपूर्ती वाटते. टायरच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. साठ किलोंच्या माणसाने किमान आकड्याच्या थोडे वर राहावे. त्याखाली जाऊ नये, नाहीतर खड्ड्यात रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटून फाटते. यावर आणखी एक स्प्रिंगची रुंद सीट बसवली, की पाठीच्या मणक्यापर्यंत पोचणारा धक्का बराच कमी होतो.

मणक्याचा विषय निघालाच आहे. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर ही ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा तरुण मंडळी सायकलींवर होती आणि मणक्याच्या विकारामुळे बसणे अशक्य झालेले बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत होते. ज्याचे शरीर जसे, तसे त्याचे वाहन. यात उणेपणा मानण्याचे कारण नाही.

हे सांगायचे ते एका नाजूक गोष्टीसाठी. उतारवयात सायकलीची दांडी हा सर्वांत मोठा अडथळा असतो. सीटवरून, कॅरिअरवरून पाय मागून फिरवून घेणे म्हणजे एका पायावर तोल सांभाळत खुबा पूर्ण उघडणे. नेमके तेच या वयात अवघड होते. उतरती दांडी असलेली, पुढून पाय सहज आत घालता येईल अशी सायकल असेल तर ही कसरतच उरत नाही. पण तिला आपल्याकडे ‘लेडीज सायकल’ म्हणतात आणि तिथे गावातला मोठा माणूस अडतो. काळजी घेणाऱ्यांनी वाद घालू नये. आजोबांना ती एकदा अंगणात चालवू द्यावी. पाय पुढून आत जातो, थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकतात, हे शरीराला कळले की मन बहुधा मागून येते. आजींच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागते. रेंजर सायकलीला चेनकव्हर नसते, मडगार्डही नसते. लुगड्याचा काठ चेनमध्ये किंवा आऱ्यांत गेला की पडणे ठरलेले. ही दोन्ही वेगळी बसवून मिळतात. ती बसवल्याशिवाय साडीवर ती सायकल चालवू नये.

आता दुर्मिळतेचा खरा जाच. सायकल एकदा येते, पण तिचे सुटे भाग वर्षानुवर्षे लागतात. म्हणून नवी सायकल पसंत करण्याआधी आपल्या गावच्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन यावे आणि त्याच्या भिंतीवर कोणते टायर टांगले आहेत ते पाहावे. हा एक फेरा शंभर जाहिरातींपेक्षा मोलाचा. बहुतेक ठिकाणी २६ इंची आणि जुन्या २८ इंची सायकलीचे टायर-ट्यूब मिळतील. साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचीचे मिळणार नाहीत. मोठे चाक खड्ड्यावरून अधिक सहज जाते हे खरे, पण ते बसवलेली सायकल उंचही होते आणि बुटक्या माणसाला गैरसोयीची ठरते. तेव्हा आपल्याला २६ इंची चाक दोन्ही अंगांनी बरे. त्यातही एक खोच आहे. २६ इंच असे लिहिलेले सगळे टायर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. २६ × १⅜ हा टायर एका मापाच्या रिमवर जातो, २६ × १.९५ दुसऱ्या. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत आणखी एक जोडआकडा असतो, पहिल्याचा ५९० वर संपणारा, दुसऱ्याचा ५५९ वर. तो कागदावर उतरवून दुकानात न्यावा. चंद्रपूरहून कोणी टायर घेऊन आले आणि तो बसलाच नाही, असे होणार नाही.

व्हॉल्व्हचेही तसेच. जुन्या सायकलीचा व्हॉल्व्ह गावच्या कोणत्याही पंपाला चालतो. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह पंक्चरच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर भरून मिळतो. काही शहरी सायकलींना मात्र पेन्सिलीसारखा बारीक, वरचे बटण फिरवून उघडावा लागणारा व्हॉल्व्ह असतो. अशी सायकल आली तर त्यावर चढवायची लहानशी पितळी टोपी सोबत मागवून घ्यावी, नाहीतर सायकल नवी आणि चाकात हवा नाही, अशी गत होते.

ब्रेक रबरी असोत किंवा तारेने ओढले जाणारे डिस्क; दोन्ही चालतील. रबरी ब्रेकचे तुकडे सर्वत्र मिळतात, मात्र ओल्या रिमवर ते उशिरा धरतात. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक हाताला फार हलके आणि आमवाताच्या बोटांना सुखाचे असतात हे मान्य, पण त्यातले तेल गळाले तर भामरागडात तो ब्रेक संपला असेच समजावे. ब्रेकची मूठ बोटांपासून दूर असेल तर बहुतेक मुठींवर एक बारीक स्क्रू असतो; तो फिरवला की ती जवळ येते. आपल्याकडे सहसा उजव्या मुठीत पुढचा ब्रेक असतो; तरी दोन्ही मुठी दाबून खात्री करावी. चाळीस वर्षांची हाताची सवय आणीबाणीच्या क्षणी बदलत नाही.

गिअर मागचे सात पुरेत. पुढे तीन चकत्या असल्या की वजन आणि बिघाड दोन्ही वाढतात आणि ज्येष्ठ माणूस त्या बदलतही नाही. जुन्या सायकलीत पायंडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते. चढावर गुडघ्याला जे जड जाते ते हेच. मागची सर्वांत मोठी चकती अठ्ठावीस दात्यांची किंवा त्याहून मोठी असली आणि पुढची अडतीसची, तर तोच फेरा दीडच्या खाली येतो. पाय थोडे भराभर फिरतात, पण गुडघ्याची कळ थांबते. गिअर म्हणजे पोरांचा खेळ, ही समजूत ज्येष्ठांनी सोडून द्यावी. खरी गरज त्यांनाच आहे. बॅटरीच्या सायकलींबद्दलही विचारणा होते. त्या चढावर मदत करतात, पण बहुधा वीस किलोंच्या पुढे असतात. बॅटरी संपली की ते ओझे ढकलणारा माणूस सत्तरीचा आहे, हे विसरू नये.

मनासारखी सायकल दुकानात नसली तर? घाईने ‘आहे ती घ्या’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये. आधी घरात पाहावे. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. या दोन जिल्ह्यांत अनेक घरांत नातीची बारावी झाल्यावर ती सायकल भिंतीला टेकून राहते. उतरती दांडी, चेनकव्हर, मडगार्ड, गावात मिळणारे टायर, हे सारे तिच्यात आधीच असते. ती उघडून साफ करून घ्यावी, ब्रेकची रबरे, तारा आणि टायर नवे टाकावेत, कॅरिअरचा उपयोग नसेल तर ते काढून वजन उतरवावे, सीट रुंद बसवावी. रेंजरइतकी ती ऐटबाज दिसणार नाही. पण ज्यांचा रस्ता रोजचा चार-पाच किलोमीटरचा आणि बराचसा सपाट आहे, अशा बहुतेक ज्येष्ठांना मी हीच सुचवीन.

दुसरा मार्ग वापरलेल्या सायकलीचा. वनखाते, बँका, शाळा येथील मंडळींच्या बदल्या होतात तेव्हा चांगल्या सायकली निघतात. सांगाड्याच्या जोडांवर केसासारखी भेग आहे का, चाक फिरवल्यावर डुलते का, शॉकअपच्या नळ्या गंजल्या आहेत का, हे पाहावे. चेन मोजणे सोपे आहे: फूटपट्टी लावली असता नव्या चेनच्या चोवीस खिळ्यांचे अंतर बरोबर बारा इंच भरते, एक अष्टमांश इंच जास्त भरले तर चेन संपली आहे आणि तिने मागच्या चकत्याही खाल्ल्या असण्याचा संभव आहे.

तिसरा मार्ग पार्सलचा. खोक्यातून येणारी सायकल अर्धवट जोडलेली असते आणि उरलेली जोडणी हौसेने घरी केली जाते. हे तेवढे टाळावे. डावे पायंडल उलट्या आट्याचे असते, ते जबरदस्तीने बसवले की आटे जातात. पुढचा चिमटा उलटा बसलेल्या सायकलीही पाहण्यात येतात. तशी सायकल वळणावर बिथरते. हँडल घट्ट नसेल तर ब्रेक दाबल्यावर चाक सरळ आणि हँडल आडवे, अशी स्थिती येते. मिस्त्रीला त्याची मजुरी द्यावी, त्याच्या हातून जोडून घ्यावी आणि आठवड्याने पुन्हा आवळून घ्यावी. मागवताना दोन मापांत संशय असेल तर लहान माप घ्यावे. लहान सायकलीची सीट आणि हँडल वर करता येतात. मोठ्या सायकलीची दांडी खाली करता येत नाही.

सायकल आली की सीटची उंची. तरुणांना सांगतात तो नियम असा की टाच पायंडलावर ठेवून तो सर्वांत खाली नेला की पाय सरळ व्हावा; म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि त्यावर ताण येत नाही. ज्येष्ठांनी सुरुवात मात्र याहून खाली करावी, सीटवर बसल्याबसल्या दोन्ही पावले जमिनीला टेकतील इतकी. पंधरा दिवसांत आत्मविश्वास आला की बोटभर, बोटभर वर न्यावी. कायम खालीच ठेवली तर गुडघा फार वाकतो आणि दुखणे उलट वाढते. सीटच्या नळीवर एक आडवी खूण असते. ती दिसू लागेपर्यंत नळी वर ओढू नये.

चालवायची वेळ हा आपल्या दोन जिल्ह्यांतला खास पेच आहे. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. तेव्हा डॉक्टर पहाटे फिरायला सांगतात. पण पहाट आणि संध्याकाळ हीच वाघ-बिबट्याच्या हालचालीची वेळ. मोहफुलांच्या दिवसांत अस्वलेही भल्या सकाळी मोहाखाली असतात, आणि २०२१ पासून गडचिरोलीच्या उत्तर भागात छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा वावर आहे. वाकून, एकट्याने, आवाज न करता जाणारा सायकलस्वार जनावराला माणसासारखा दिसतही नाही. माझे मत स्पष्ट आहे: जंगलातून जाणारा रस्ता ज्येष्ठांनी चांगले उजाडल्यावरच धरावा, सोबतीने धरावा, घंटी वाजवत जावे, आणि वनखात्याने इशारा दिला असेल तर त्या दिवशी जाऊच नये. एप्रिल-मे मध्ये व्यायामापुरती सायकल गावठाणातच, उजाडल्यावर अर्धा तास. पुढे ऊन तापले की बंद. कोळशाच्या आणि लोहखनिजाच्या ट्रकांचे रस्ते मात्र कोणत्याच वेळी ज्येष्ठांच्या सायकलीसाठी नाहीत. आडवाट लांबची असली तरी ती घ्यावी. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना सायकल हातात धरूनही पलीकडे जाऊ नये. पाणी चाकाला ढकलते आणि चाक माणसाला.

काळजी घेणाऱ्यांसाठी औषधांविषयी दोन गोष्टी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. थरथर, घाम, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही जाणवले की आधी उतरावे, मग खावे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेला माणूस पडून डोक्याला मार लागला, तर तो उठून हसत घरी आला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव सावकाश, कधी काही दिवसांनी लक्षणे दाखवतो; सी. टी. स्कॅनची सोय भामरागडहून किती तासांवर आहे, हे आपण जाणता. वाढती डोकेदुखी, उलटी, अवेळी झोप, बोलण्यात गोंधळ यांची वाट पाहत बसू नये. हेल्मेट या कारणासाठी हवे. सायकलीचे हेल्मेट हलके आणि हवा खेळती राहील असे असते. त्याखाली पातळ दुपट्टा बांधला की उन्हापासूनही बचाव होतो, मात्र तो इतका जाड नसावा की हेल्मेट डोक्यावर हलेल.

पहिला पंधरवडा अंगणात किंवा शाळेच्या मैदानावर घालवावा. तिथे फक्त तीन गोष्टींचा सराव: चढणे, थांबणे, उतरणे. थांबण्याआधी गिअर हलका करणे, दोन्ही ब्रेक एकदम आणि सावकाश दाबणे, चाक पूर्ण थांबल्यावरच पाय काढणे. डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही बाजूंना उतरण्याची सवय करावी. एका बाजूला खड्डा असेल तेव्हा ती उपयोगी पडते. एकदा सीटची उंची ठरली की नळीवर ऑइलपेंटची एक रेघ ओढून ठेवावी, कारण संध्याकाळी नातवंडे ती सायकल नेणार, सीट वरखाली करणार, आणि सकाळी ती आजोबांच्या मापाला परत आणावी लागणार.